मेलबर्नला येताय, तर प्रायव्हेट इन्शुरन्स लगेच काढायचा का?

तुम्ही लिहिलंय की १९० व्हिसाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आलाय, दोनेक महिन्यात मेलबर्नला निघताय, तुम्ही ३६, बायको ३३, मुलगी ४ वर्षांची, दुसऱ्या बाळाचं डोक्यात आहे, आणि पुण्यातल्या एजंटने सांगितलंय की उतरल्या उतरल्या प्रायव्हेट इन्शुरन्स काढा, सरकारी हॉस्पिटलच्या भरवशावर राहू नका. मी नाशिकची, २०१६ पासून इथे आहे, दोन्हीकडचे अनुभव घेऊन झालेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तो "सरकारी" शब्द तिकडेच ठेवून या. आपल्याला सरकारी म्हटलं की सिव्हिलचा व्हरांडा आणि "औषध बाहेरून आणा" वाली चिठ्ठी आठवते. इथे व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) मोठ्या अपघाताचे पेशंट नेतात ती तीन मुख्य हॉस्पिटलं, आल्फ्रेड, रॉयल मेलबर्न आणि मुलांसाठी रॉयल चिल्ड्रन्स, तिन्ही पब्लिक आहेत. म्हणजे जीवावरचं काही झालं तर करोडपती असलात तरी बहुतेक तिथेच जाणार. पीआर असल्यामुळे तुम्हाला मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, पहिल्या दिवसापासून लागू, आल्यावर पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवून टाका. (४८२ म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांचं वेगळं, भारताशी मेडिकेअरचा करार नाही त्यामुळे त्यांना स्वतःचं ओव्हरसीज कव्हर घ्यावंच लागतं. एजंट बऱ्याचदा दोन्ही केसेस एकाच तोंडाने सांगतात.)

आमचा मुलगा ६ वर्षांचा असताना पार्कमधल्या मंकी बारवरून पडला, मनगट वाकडंच दिसत होतं. पब्लिकच्या इमर्जन्सीला गेलो, ट्रायाज नर्सने (कोणाला किती तातडी ते ठरवणारी) दोन मिनिटात बघितलं, पॅनाडॉल दिलं, हात झोळीत बांधला, हातात आइसकांडी दिली आणि म्हणाली बसा. बसलो पाच तास! आमच्या नंतर एक आजोबा छातीला हात लावून आले ते थेट आत. तेव्हा मी जाम वैतागले होते पण सिस्टिमच तशी आहे, १ ते ५ कॅटेगरी असतात, १ म्हणजे तात्काळ आणि ५ म्हणजे दोन तासात बघायचं असं टार्गेट, कागदावर. रात्री एक वाजता एक्स-रे, हिरव्या रंगाचं प्लास्टर (रंग त्यालाच निवडायला दिला), नंतरचे सगळे फॉलोअप, बिल शून्य. खर्च झाला तो फक्त पार्किंगचा, आणि तो बघून मात्र डोळे पांढरे झाले.

आता पब्लिकची खरी दुखरी बाजू. जीवावरचं नाही पण रोज छळतंय अशी दुखणी, गुडघा, हर्निया, मोतीबिंदू, सायनस. यात कॅटेगरी ३ (या ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या कॅटेगरी, इमर्जन्सीच्या नव्हेत) म्हणजे ३६५ दिवसांच्या आत ऑपरेशन, आणि हे घड्याळ चालू होतं सर्जनने तुम्हाला तपासून यादीत घातल्यावर, त्या सर्जनच्या ओपीडीची अपॉइंटमेंट मिळायलाच महिनोन्महिने जातात ते वेगळेच. प्रायव्हेटचा खरा उपयोग इथे आहे.

पण तोही फुकट नाही हं. नवऱ्याच्या गुडघ्यातल्या मेनिस्कसचं (कूर्चेच्या गादीचं) ऑपरेशन प्रायव्हेटला केलं, तीन आठवड्यात तारीख मिळाली, खोली छान, जेवणाला चक्क मेन्यू कार्ड. घरी आलो आणि पाकिटं यायला लागली. ५०० डॉलर एक्सेस (ॲडमिट झाल्यावर आपण भरायचा ठरलेला हिस्सा) माहीत होता, सर्जनचा गॅप (आपल्या खिशातून द्यायची वरची रक्कम) त्याने आधी सांगितला होता, पण भूलवाल्या डॉक्टरचं बिल वेगळं येतं हे आम्हाला कोणी बोललंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. होतं काय, ठरलेल्या सरकारी दराच्या ७५ टक्के मेडिकेअर देतं, २५ टक्के इन्शुरन्स, आणि डॉक्टर त्या दराच्या वर जितकं लावेल ते तुमच्या खिशातून. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी सर्जन, भूल, असिस्टंट, सगळ्यांचे आकडे लेखी मागायचे, लाजायचं नाही. आणि जीपीची (फॅमिली डॉक्टरची) फी किंवा स्पेशालिस्टच्या क्लिनिकमधली कन्सल्टेशन प्रायव्हेट इन्शुरन्सला कायद्यानेच भरता येत नाही. हे कळल्यावर निम्मे लोक म्हणतात मग आम्ही घेतलं कशाला!

घेतात ते बहुतेक टॅक्ससाठी. २०२५-२६ ला फॅमिलीचं उत्पन्न २,०२,००० डॉलरच्या वर गेलं आणि हॉस्पिटल कव्हर नसेल तर उत्पन्नाच्या १ ते १.५ टक्के सरचार्ज (जादा कर) लागतो, २ टक्के मेडिकेअर लेव्ही, म्हणजे योजनेसाठीचा कर, बहुतेक सगळेच भरतात त्याच्यावर हा. दोघं मिळून २,१०,००० कमवत असाल तर झाले २,१०० डॉलर, त्याची कमीतल्या पॉलिसीच्या किमतीशी तुलना करून बघा. फक्त दात-चष्म्याचं एक्स्ट्राज कव्हर घेऊन सरचार्ज टळत नाही, आमच्या ओळखीतल्या दोघांनी हीच चूक केली. पहिल्या वर्षी तुमची बायको लगेच नोकरीला लागणार नसेल तर तुम्ही त्या लिमिटच्या जवळपासही नसाल बहुधा.

दुसरी गोष्ट वयाची. तिशीनंतर पॉलिसी घ्यायला जितकी वर्षं उशीर तितके २ टक्के प्रीमियमवर जास्त, सलग १० वर्षं. नव्याने आलेल्यांना मेडिकेअरला नाव नोंदवल्यापासून १२ महिने सूट असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. ती चुकवून चाळिशीला घ्यायला गेलात तर २० टक्के बसले डोक्यावर. एक चांगलं म्हणजे भारतातल्यासारखं शुगर आहे, बीपी आहे म्हणून इथे कोणी नाकारत नाही आणि प्रीमियमही वाढवत नाही, फक्त जुन्या आजाराला १२ महिने थांबावं लागतं.

बाळाचं म्हणाल तर, प्रेग्नन्सी फक्त गोल्ड पॉलिसीत (सगळ्यात वरची पायरी, खाली सिल्व्हर, ब्राँझ, बेसिक) खात्रीने असते आणि तिलाही १२ महिने वेटिंग. म्हणजे पॉलिसी आधी, गोड बातमी नंतर. आणि एवढं करूनही प्रायव्हेट डॉक्टर स्वतःची काही हजार डॉलर फी वेगळी घेतातच. मी धाकटीच्या वेळी पब्लिकला गेले. दर व्हिजिटला नवी मिडवाइफ, प्रत्येकीला पहिल्यापासून रामायण सांगा, याचा कंटाळा आला खरा, आणि दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. पण नंतर मिडवाइफ घरी येऊन टाके बघून गेली, बाळाचं वजन करून गेली, एक पैसा नाही. सगळं नॉर्मल असेल तर मी परत पब्लिकलाच जाईन. तुमच्या बायकोला शेवटपर्यंत एकच डॉक्टर हवी असेल, तर मात्र गोल्डचा विचार उतरल्याबरोबर करा, कारण तिथे प्रत्येक महिना मोजला जातो.

मी तुमच्या जागी असते तर पहिले आठ-नऊ महिने नुसत्या मेडिकेअरवर राहिले असते आणि १२ महिने संपायच्या आत साधी ब्राँझ घेतली असती. एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातच करा, ॲम्ब्युलन्सची फॅमिली मेंबरशिप. मेडिकेअर ॲम्ब्युलन्सचे पैसे देत नाही, व्हिक्टोरियात एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं, आणि मेंबरशिप वर्षाला शंभरेक डॉलरची.

आणि बाळंतपणाला सासूबाई येणार असतील तर त्यांना मेडिकेअर नाही हे विसरू नका. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स तिकीट काढतानाच बघा, आणि जुन्या बीपीच्या गोळ्यांचं त्यात काय लिहिलंय ते बारीक अक्षरात वाचून घ्या.