तो आवाज नक्की कुणाचा? (तीन नर, एक मादी आणि मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगबद्दल)

कॅटिडिडची (लांब मिशांच्या, नाकतोड्यासारख्या किड्याची) नवी प्रजाती सापडली, असं सांगणारी तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग जरा कसंतरीच झालं. तीन नर, एक मादी, मोबाइलवर टिपलेला आवाज, ‘सर्साय कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत’ आणि शेवटी ‘नव्या प्रजातीचा शोधपेपर किती दिवसांत निघेल?’ काही वर्षांपूर्वी अगदी हीच पोस्ट मी लिहिली होती. (सर्साय म्हणजे किड्याच्या पोटाच्या टोकावरची अवयवांची जोडी. त्याचं एकवचन मी मुद्दाम टाळते. एकदा ‘नराची सर्कस वाकडी आहे’ असं लिहिलं, तर ओळखीचे लोक महिनाभर हत्ती कुठाय म्हणून विचारत होते.)

नमुने प्रौढ आहेत, सूक्ष्मदर्शक आहे, परवानग्या आहेत, हे सगळं मी धरून चालते. परवानगीचे नियम जागोजागी वेगळे, त्यावर मला विचारू नका. आणि हेही आधीच सांगते की मी पूर्णवेळ कीटकशास्त्रज्ञ नाही. या कुळातल्या मोजक्या प्रजातींवर काम केलंय, तेवढ्याच बळावर बोलतेय.

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचलं: ‘झुडपातून आवाज येत होता, टॉर्च मारला तर हा पानावर बसलेला दिसला.’

माझंही असंच झालं. रात्री साडेनऊच्या सुमारास एका झुडपातून करकर ऐकू आली. पाचेक मिनिटं रेकॉर्ड केलं, मग टॉर्च मारला. समोर पानावर लांब मिशांचा हिरवागार नर, पुढचा पाय तोंडात धरून साफ करत बसलेला. आवाज थांबला होता. मला वाटलं, उजेडाने बिचकला. त्याला उचलून डबीत टाकलं. पुढच्या दोन रात्री त्याच झुडपावर आणखी दोन नर मिळाले. फाइलला नाव दिलं ‘नवी प्रजाती, आवाज १’ आणि तिघांना एकाच पेटीत ठेवलं. सकाळी एकाची मिशी आणि मागचा पाय गायब! हे प्राणी एकमेकांना खातात. पण ती चूक किरकोळच, खरी वेगळी होती.

वर्णन लिहिलं, चित्रं काढली, आवाजाचा आलेख जोडला आणि पेपर पाठवला. दोन परीक्षकांपैकी एकाने एकच प्रश्न विचारला. कॅटिडिडचा नर डाव्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला असलेली दातेरी शीर उजव्या पंखाच्या कडेवर घासून आवाज काढतो. माझ्या होलोटाइपच्या (नव्या प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्यावर ठरतं, त्याच्या) शिरेवर मीच साठच्या आत दात मोजले होते. आणि माझ्याच आलेखात पंखाच्या एका फटक्यात नव्वदच्या वर ठोके दिसत होते. एका दातावर एक ठोका पडतो. मग उरलेले तीस ठोके आले कुठून?

मी दात पुन्हा मोजले. तीनदा मोजले. आलेख ताणून ठोके मोजले. दोन्ही आकडे बरोबर होते. फक्त ते एकाच किड्याचे नव्हते.

गाणारा झुडपाच्या आत खोल बसला होता, आकाराने लहान, आणि त्याचं वर्णन आधीच झालेलं होतं. टॉर्च पडताच गप्प झाला तो तोच. मी पकडलेला त्या वेळी गातच नव्हता, किंवा गात असला तरी मला ऐकू येणं शक्य नव्हतं. या कुळात कित्येकांचा आवाज माणसाच्या कानापलीकडे जातो. कोलंबिया-इक्वाडोरच्या जंगलातल्या सुपरसोनस या वंशाचं वर्णन २०१४ साली झालं, त्यातल्या एका प्रजातीचा आवाज १५० किलोहर्ट्झच्या आसपास आहे. आपला कान २० ला थकतो. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाज टिपतो, म्हणजे २२ ते २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात काही येतच नाही. तेव्हा ‘रेकॉर्डिंग स्वच्छ आलंय’ म्हणून खूश होऊ नका. स्वच्छ आलंय, पण कुणाचं?

पेपर मी मागे घेतला. तोवर हंगाम संपला होता, प्रौढ सापडेनात. अख्खं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मात्र प्रत्येक नर वेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत, वटवाघळांसाठी वापरतात तो अल्ट्रासोनिक रेकॉर्डर समोर, शेजारी तापमापक. तापमान त्याच वेळी लिहा, नंतर आठवून नको. गारठ्यात हेच किडे संथ गातात आणि दोन अंशांच्या फरकाला लोक दोन प्रजाती समजून बसतात. जो गायला त्याला तिथल्या तिथे क्रमांक दिला, आणि तोच क्रमांक फाइलला, फोटोला, टाचणीवरच्या चिठ्ठीला आणि अल्कोहोलमधल्या पायाला.

पायावरून आठवलं. डीएनएसाठी मधला पाय काढा, पुढचा नको, पुढच्या पायाच्या नळीवर याचे कान असतात. अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वरचं घ्या. फोटो किडा जिवंत असतानाच काढा, हिरवा रंग चार दिवसांत पिवळट पडतो. आणि नुसत्या डीएनए बारकोडवर (ओळख पटवायला वाचतात त्या एका जनुकाच्या तुकड्यावर) नवी प्रजाती ठोकू नका. नाकतोडे-रातकिड्यांच्या सगळ्या गणातच बारकोडच्या त्या जनुकाच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) जनुकाच्या, निकामी नकला पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेल्या सापडतात आणि खऱ्या जनुकाऐवजी त्याच वाचल्या जातात. हे माझं मत जरा कडक आहे, तरुण मंडळी चिडतात.

जुन्या प्रजातींशी तुलना करताना मूळ टाइप (त्या प्रजातीचं नाव ठरवणारा जुना नमुना) बघावा लागेलच. एका संग्रहालयाचं नाव घेत नाही, पण त्यांच्या कार्यालयाने चौदा महिन्यांनी उत्तर दिलं. सोबत टाइपचा फोटो होता, वरून काढलेला! मी मागितलं होतं पोटाचं टोक, मागून आणि खालून. वर तो टाइप निघाला मादीचा, म्हणजे नराच्या सर्सायची तुलना मुळातच बाद. तुम्ही पत्रासोबत कोन दाखवणारं रेखाचित्रच पाठवा आणि टाइप नर आहे का मादी, हे पहिल्याच ओळीत विचारा.

प्राण्यांना शास्त्रीय नाव देण्याच्या नियमांचं थोडक्यात: १९९९ नंतरच्या नावाला टाइप स्पष्ट नेमलेला हवा आणि होलोटाइप कुठल्या संग्रहात ठेवणार तेही लिहिलेलं हवं. पेपर फक्त ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीची) नोंदणी त्या पेपरातच दिसली पाहिजे, नाहीतर नाव धरलं जात नाही. प्रजातीला स्वतःचं नाव देण्याला नियमाची मनाई नाही, पण देऊ नका, हसतात.

नाव होलोटाइपला चिकटतं, पॅराटाइपना (वर्णनात सोबत दिलेल्या बाकीच्या नमुन्यांना) नाही. म्हणून तुमच्या तिघांपैकी होलोटाइप तोच करा, ज्याला पंख हलवताना तुम्ही स्वतः पाहिलंय. असा एकही नसेल, तर आवाजाचा परिच्छेद सरळ काढून टाका. सर्साय आणि जननांगांची चित्रं नीट असली, तर आवाजाशिवायही वर्णन होतं.

राहिली मादी. ती त्याच झुडपावर होती, एवढाच पुरावा आहे ना? माझ्या झुडपावर दोन प्रजाती होत्या. तिला आत्ताच पॅराटाइप करू नका. हंगाम शिल्लक असेल तर जोडी जमलेली शोधा, किंवा तिच्या आणि नराच्या पायाचा डीएनए एकत्र पाठवा. आणि तिघे नर अजून एकाच पेटीत असतील, तर उत्तर नंतर लिहा, आधी त्यांना वेगळं करा.