व्याजाचं सूत्र आणि बेबेलचं प्लगइन

प्रश्न : पतसंस्थेसाठी जावास्क्रिप्टमध्ये व्याज आकारणीचा प्रोग्राम लिहिला आहे. 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं, म्हणून पैशांसाठी स्वतःचा ‘दशांश’ क्लास केला. हिशेब पैशापर्यंत जुळतो, पण सूत्र असं दिसतं : मुद्दल.गुणिले(दर).गुणिले(दिवस).भागिले(36500). आमच्या तपासनीसांना ‘मुद्दल * दर * दिवस / 36500’ असंच वाचायचंय. बेबेलचं (जावास्क्रिप्ट कोडचं रूपांतर करणाऱ्या साधनाचं) प्लगइन लिहून जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, आणि तपासनीसांची मागणी रास्तच आहे. जे सूत्र डोळ्यांनी पडताळता येत नाही, त्यावर सही कोण करणार?

प्लगइन छोटंच होईल. बेबेल कोडचं आधी झाड बनवतो, म्हणजे त्याच्या रचनेचा फांद्याफांद्यांचा आराखडा. गुणाकार आधी की बेरीज, कंस कुठे, हे त्या झाडातच सुटलेलं असतं. तुम्ही ‘बायनरी एक्स्प्रेशन’ (दोन बाजू आणि मध्ये चिन्ह) दिसलं की ‘अ * ब’च्या जागी ‘गुणाकार(अ, ब)’ ठेवायचं, बस.

खरी कटकट पुढे आहे. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला सीफ्रंट 1980च्या दशकात सी++ चं भाषांतर सीमध्ये करायचा. म्हणजे तुम्ही म्हणताय तोच उद्योग. (तिथे << या चिन्हावर छपाईचं कामही लादलं गेलं, ते मला आजतागायत रुचलेलं नाही.) पण सीफ्रंटला प्रत्येक चलाचा टाइप आधीच ठाऊक असे, त्यामुळे साधा + कुठला आणि खास कुठला, हे भाषांतर करतानाच ठरायचं. बेबेलला ‘अ’मध्ये आकडा आहे, अक्षरं आहेत की तुमचा दशांश, याचा पत्ता नसतो. त्यामुळे फाइलमधला प्रत्येक + फंक्शन बनतो, लूपमधला ‘क्र + 1’सुद्धा. निवाडा प्रोग्राम चालताना होतो आणि वेळेची किंमत तेव्हा मोजावी लागते.

म्हणून सगळ्या प्रोजेक्टला हे लावू नका. सूत्रांची फाइल वेगळी काढा, तिच्या पहिल्या ओळीत ‘यूज स्ट्रिक्ट’सारखी स्वतःची सूचना अवतरणात लिहा आणि ती नसेल तर प्लगइनने फाइलला हात लावू नये. ‘बेरीज’, ‘गुणाकार’ ही मदतनीस फंक्शनं मात्र या फाइलबाहेर हवीत. नाहीतर ‘बेरीज’मधल्या + चंही ‘बेरीज’ होईल, आणि ते स्वतःलाच हाका मारत स्टॅक भरेपर्यंत थांबणार नाही.

मदतनिसात दोन्ही बाजू तपासा, कारण कुणीतरी ‘100 * दर’ असंही लिहिणारच. दोन्ही साधे आकडे असतील तर लगेच नेहमीचं गणित करून मोकळं व्हा. + च्या एका बाजूला स्ट्रिंग असेल तर जोडणी जावास्क्रिप्टवर सोडा, ‘"रु. " + रक्कम’ चाललंच पाहिजे. दशांशाशी अपूर्णांकी साधा आकडा भिडला, तर सरळ एरर फेका. 0.1 मदतनिसापर्यंत पोचतो तोवर त्याची अचूकता आधीच गेलेली असते. बिगइंटही (जावास्क्रिप्टमधला मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) साध्या आकड्यात मिसळला की टाइपएरर देतो. तोच कडकपणा ठेवा.

+= जपून. ‘खाती[क्र++] += व्याज’चं आंधळं रूपांतर ‘खाती[क्र++] = बेरीज(खाती[क्र++], व्याज)’ असं होतं. क्र दोनदा वाढतो आणि पहिल्या खात्यात दुसऱ्याची शिल्लक अधिक व्याज जाऊन बसतं. एररही येत नाही! क्रमांक आधी तात्पुरत्या चलात काढून ठेवा, किंवा सूत्रांच्या फाइलमध्ये += वर बंदीच घाला. मी बंदी घातली असती.

=== ला हात लावू नका. दोन चलांत खरोखर एकच ऑब्जेक्ट आहे का, हे विचारायला ते चिन्ह लागतं. रकमा ताडायला ‘समान’ नावाची मेथड पुरे. टाइपस्क्रिप्टवर (टाइप लिहिता येणाऱ्या जावास्क्रिप्टवर) जायचा विचार असेल, तर त्याचा टाइप तपासणारा भाग दोन ऑब्जेक्टांमधल्या * ला आक्षेप घेतो. बेबेल टाइप पुसून पुढे जाईल, पण एडिटरमध्ये लाल रेघा राहतील.

प्रश्न : मग ही सोय जावास्क्रिप्टमध्येच येईपर्यंत थांबावं का?
– तेच वाचक

उत्तर : नको. जावास्क्रिप्टचं मानक ठरवणाऱ्या टीसी-39 समितीपुढे तसा प्रस्ताव होता, तो पहिल्या टप्प्यापुढे सरकला नाही आणि नंतर मागे घेतला गेला. सूत्रं दहा-बाराच असतील तर प्लगइनही सोडा. ‘गुणिले-भागिले’च्या प्रत्येक साखळीवर कॉमेंटमध्ये मूळ सूत्र लिहा आणि तपासनिसांनी हाताने काढलेली पाच उदाहरणं टेस्टमध्ये घाला.