जर्मनीत जन्मणाऱ्या बाळाला घेऊन तीन महिन्यांत भारतात जाता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही दोघं भारतीय नागरिक, जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर. बाळ फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणार, मेच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला भावाचं लग्न, आणि आत्ता तिकिटं स्वस्त दिसताहेत तर काढून टाकावीत का?

नका काढू. निदान पैसे परत न मिळणारी तर नकोच. आमची मुलगी 2023 च्या मार्चमध्ये इथे झाली आणि आम्ही निघालो ऑगस्टमध्ये. आमचा समज होता की वेळ लागतो तो पासपोर्टला. प्रत्यक्षात पासपोर्ट चार आठवड्यांत आला. अडलं ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर.

आधीचं म्हणजे जन्मदाखला. बाळ झाल्याची खबर हॉस्पिटल आठवड्याभरात स्टांडेसआम्टला, म्हणजे नोंदणी कार्यालयाला, कळवतं. ते कळवणं आपोआप होतं, दाखला आपोआप होत नाही. दाखला बाळाचा असला तरी कार्यालयाला हवे असतात आई-बापाचे कागद: दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, आणि या सगळ्याची इथल्या शपथबद्ध भाषांतरकारानं केलेली जर्मन भाषांतरं.

आता तुमचा स्वतःचा जन्मदाखला काढून बघा. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं. आईचं नाव, बाबांचं नाव, तारीख, आणि पुढे नुसतं 'स्त्री'. आपल्याकडे त्या काळात बारशाआधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कोण जाणार, त्यामुळे असे दाखले घरोघरी सापडतील. शाळेला चाललं, पासपोर्टलाही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागलं. इथल्या बाईंनी मात्र कागद उलटसुलट करून विचारलं, यावरची व्यक्ती तुम्हीच कशावरून? त्यात दाखल्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधे बाबांच्या जागी नवऱ्याचं नाव. मी सातव्या महिन्यात होते. बाबांनी नगरपालिकेत चार चकरा मारून नाव घालून घेतलं, नवा दाखला कुरिअरनं पाठवला, मग त्याचं भाषांतर. तीन आठवड्यांचं बाळ मांडीवर घेऊन हे करायची वेळ आली असती तर मी रडलेच असते.

अपोस्टीलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून भारत सरकार त्यावर मारतं त्या शिक्क्यावर, फार विसंबू नका. भारतातले एजंट 'सगळीकडे चालतं' म्हणून पैसे घेतात, पण भारताच्या अपोस्टीलला जर्मनीनं मान्यता दिलेली नाही. काही कार्यालयं दाखला तसाच स्वीकारतात. काही मात्र भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळणी मागतात. तसं झालं तर तिकडे माणूस प्रत्यक्ष चौकशीला जातो, काही महिने जातात आणि खर्च आपल्यालाच भरावा लागतो. तोपर्यंत पूर्ण जन्मदाखल्याऐवजी जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा मिळतो, त्यावर आई-वडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असतो. तुमचं कार्यालय कुठल्या गोटातलं आहे हे बाळ व्हायच्या आधी कळू शकतं. सगळे कागद घेऊन आत्ताच जा आणि विचारा. आम्ही फोनवर विचारलं आणि 'येईल तेव्हा बघू' एवढंच ऐकलं. समोर बसल्यावर त्याच बाईंनी यादीच लिहून दिली.

नावाचंही आधी ठरवा. नाव कळवायला कायद्यानं एक महिना मिळतो, त्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं बिनघोर करा. पण नाव नाही तर दाखला नाही, म्हणजे आत्यांच्या सूचनांची वाट बघण्यात जाणारा प्रत्येक दिवस पुढच्या सगळ्याला मागे ढकलतो. बापाचं नाव मधे लावायचं असेल तर ते इथे मुलीचंच दुसरं नाव ठरतं. आम्हाला विचारलं होतं, मुलीला पुरुषाचं नाव कशाला? समजावून सांगितल्यावर पटलं. मात्र जे दाखल्यावर येईल तेच भारतीय पासपोर्टवर, हे लक्षात ठेवा. दाखल्याच्या तीन-चार प्रती घ्या, त्यातली एक अनेक भाषांतली.

पुढे जाण्याआधी एक तपासा, कारण यावर सगळा रस्ताच बदलतो. बाळ जन्मेल त्या दिवशी तुमच्यापैकी एकाला जर्मनीत कायदेशीर राहून पाच वर्षं झालेली असतील आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना हातात असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक. 2024 च्या जूनपर्यंत ही अट आठ वर्षांची होती. तसं असेल तर बाळाला जर्मन पासपोर्ट आणि भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागेल, आणि खालचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. लहान मुलांचा वेगळा पासपोर्ट 2024 पासून बंद झालाय, आता बाळालाही मोठ्यांसारखाच काढावा लागतो.

बाळ भारतीय असेल तर इथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद आणि पासपोर्टचा अर्ज बरोबरच करा. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत व्हावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून द्यावं लागतं. दोघांच्याही सह्या लागतात. फोटोसाठी आम्ही पांढऱ्या चादरीवर झोपवून खिडकीजवळ काढला. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कोणाचा हात दिसत नाही आणि सावली नाही, असा एक फोटो मिळायला दोन दिवस लागले. अंगठ्याचा ठसा तर त्याहून कठीण, कारण बाळ मूठ सोडतच नाही. गाढ झोपल्यावर घ्या.

आता नंतरचं, आणि यातच लोक फसतात. पासपोर्ट हातात आला की वाटतं, निघालो. भारतात जायला अडचण नाही, तो आपलाच देश. प्रश्न परत येण्याचा आहे. बाळाला इथला स्वतःचा वास्तव्य परवाना लागतो. जन्मापासून सहा महिन्यांत तो आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, मागायचा असतो, आणि तोवर बाळ इथे राहतं ते कायदेशीरच. पण 'इथे राहणं कायदेशीर' वेगळं आणि 'बाहेर जाऊन परत आत येणं' वेगळं. परवान्याच्या अर्जावर जो तात्पुरता कागद देतात, फिक्सिऑन्सबेशायनिगुंग, त्यावर वास्तव्य कायद्यातल्या कलम 81 च्या कुठल्या पोटकलमापुढे खूण आहे ते बघा. पोटकलम 4 असेल तर परत येता येतं. पोटकलम 3 असेल तर नाही. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या बाळाला बहुधा 3 च मिळतं. तो कागद घेऊन गेलात तर परतताना मुंबईच्या विमानतळावर चेक-इनलाच अडवतील, आणि बाळासाठी तिथून व्हिसा काढत बसावं लागेल. आईची सुट्टी संपलेली, बाप इकडे कामावर, बाळ अंगावर पिणारं. ही वेळ कुणावरही यायला नको.

परवान्याचं कार्ड छापून यायला आम्हाला पाच आठवडे लागले, त्याआधी भेटीची वेळ मिळायला तीन. भेटीसाठी पासपोर्ट येईपर्यंत थांबू नका, दाखला मिळाल्या दिवशीच ई-मेल टाका. लग्नाची पत्रिका जोडून घाईचं कारण सांगता येतं. कधी ऐकतात, कधी नाही.

या गडबडीत टपालानं बाळाच्या नावाचं पहिलं पत्र येईल ते करखात्याचं, कर क्रमांकाचं. घाबरू नका, जपून ठेवा.

म्हणजे हिशेब असा: कागद आधीच तयार असतील तर दाखला फेब्रुवारीअखेर, पासपोर्ट मार्चअखेर, कार्ड नशिबानं एप्रिलअखेर किंवा मेच्या मध्यावर. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. जमलंच तर जमेल. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं, पण घ्यायचंच तर तेच घ्या. मांडीवरच्या बाळाचं तिकीट नंतर जोडता येतं. पाळणा हवा असेल तर एअरलाइनला फोन करून सांगावं लागतं, आणि ते पाळणे मोजकेच असतात.

माझ्या दिराचं लग्न जूनमध्ये होतं. नवरा एकटा चार दिवस जाऊन आला आणि मी इथे सकाळी सहाला मुलीला घेऊन मोबाइलसमोर बसले, अक्षता टाकायला हातात तांदूळ घेऊन. तुमच्यावर ती वेळ टळावी असं वाटत असेल तर आज घरी फोन करा आणि दोघांच्याही जन्मदाखल्यांचे फोटो मागवा. नावाची जागा रिकामी आहे का, तेवढं आधी बघा.