डाउन पेमेंट कोणाच्या वाट्यातून जातंय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३८ वर्षांचा, अठरा वर्षं बाइक चालवतोय. सध्या ३५० सीसीची, एका सिलिंडरची बाइक आहे. आता बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस, ही लांबच्या टूरची मोठी बाइक, घ्यायची ठरवली आहे. डाउन पेमेंटसाठी पॉलिसीवर कर्ज काढू की मुदत ठेव मोडू? उरलेल्या रकमेला पाच वर्षांचं कर्ज ८ टक्के फ्लॅट दराने मिळतंय. मुलगी सात वर्षांची आहे, तिच्यासाठी पत्नीने नोकरी सोडली. विम्याची काळजी नाही, पॉलिसी आहेच, आणि ती दुप्पट होऊन मिळणार आहे. टूरचे व्हिडिओ टाकून निम्मा हप्ता सुटेल असं वाटतं. या बाइकला रिसेल चांगली आहे, शाफ्ट ड्राइव्हमुळे (मागचं चाक चेनऐवजी दांड्याने फिरतं) देखभालही फारशी नाही.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही. महिन्याचा हातात येणारा पगार १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजतो. बाइक रस्त्यावर येईपर्यंत १०००, म्हणजे दहा पगार. मुदत ठेव ६००. घरखर्च महिन्याला ५५. पॉलिसीचा हप्ता वर्षाला १८०. सगळं जाऊन महिन्याला ३० उरतात.

पॉलिसीवर कर्ज की ठेव, याचं उत्तर थोडक्यात देतो: कर्जाच्या बाइकच्या डाउन पेमेंटसाठी दोन्ही नको. बाइकही घ्यायची, पण ती कशी ते शेवटी सांगतो. त्याआधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल बोलणं भाग आहे, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथेच अडकलो.

"विम्याची काळजी नाही, पॉलिसी आहेच." तुम्ही सोबत जोडलेल्या कागदावर विमा रक्कम १८०० आहे. दीड वर्षाचा पगार! घरात कमावणारे तुम्ही एकटे, मुलगी दुसरीत, आणि वर्षाला १८० मोजून तुमच्या माघारी घराला मिळणार दीड वर्षाचा पगार. आता त्यातूनच डाउन पेमेंटचे ४०० उचलायचं तुमच्या मनात आहे. पॉलिसीवरचं कर्ज फिटायच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं तर कंपनी कर्ज आणि व्याज आधी वळतं करते, उरेल ते वारसाला देते. १८०० चे राहिले १४००. तुम्ही नसताना घरखर्च ४५ वर येईल असं धरू, वर्षाला ५४०. म्हणजे १४०० अडीच वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा साडेनऊ वर्षांची असेल. ठेवीचे ६०० अजून वर्षभर ओढतील. बाइकचं ६०० चं कर्ज मी यात धरलेलं नाही. बाइकच्या विम्याचे पैसे आले तरी त्यावर पहिला हात फायनान्स कंपनीचा.

हे डाउन पेमेंट मुलीच्या वाट्यातून जातंय. तुमच्या ते लक्षात आलं नाही यात तुमची चूक थोडी आहे. पॉलिसी विकणाऱ्याने "अडीनडीला कर्जही मिळतं" ही सोय म्हणून सांगितली असणार. विमा, बचत, कर्ज, सगळं एकाच कागदात. असे कागद मी रोज बघतो आणि दर वेळी चीड येते, कारण माणसाला विमा घेतल्याचं समाधान मिळतं आणि विमा मात्र मिळत नाही.

आणि मरणापेक्षा जास्त शक्यता कशाची असते ते मी स्वतः भोगलंय. मीही मोठी बाइक चालवतो. काही वर्षांपूर्वी खडीच्या चढावर यू टर्न घेत होतो. वेग चालत्या माणसाएवढा. बाइक डावीकडे कलली, पाय टेकवायला गेलो तर बुटाखालचा दगड सरकला. सामानासकट तीनशे किलोच्या आसपासचं वजन एकदा एका मर्यादेपलीकडे झुकलं की कोणाच्याही बापाला सावरत नाही. पॅनिअरची, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेटीची, कड नडगीवर आली. इंजिन चालूच होतं, मागचं चाक हवेत फिरत होतं, आणि किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बोटापासून वीतभर लांब. घोट्याच्या वरचं हाड मोडलं. त्यानंतर तीन महिने माझी कमाई शून्य होती. हेल्मेट, जॅकेट, बूट, सगळं अंगावर होतं. वेगाचा दोष नव्हता, दुसऱ्या कुणाचाही नव्हता. त्या तीन महिन्यांत घर चाललं ते अपघाताने कमाई थांबली तर दर आठवड्याला पैसे देणाऱ्या एका साध्या पॉलिसीवर. तुमच्याकडे तसलं काहीच नाही.

म्हणून शोरूमच्या आधी दोन कामं. पहिलं, शुद्ध टर्म विमा, १२,००० चा, म्हणजे दहा वर्षांचा पगार. परताव्याचं गाजर दाखवणारा प्रकार घेऊ नका. मुदत संपली की एक पैसा परत न देणाराच घ्या. निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या ३८ वर्षांच्या माणसाला त्याचा हप्ता तुमच्या आजच्या १८० च्या जवळपासही जात नाही. दुसरं, अपघात आणि अपंगत्वाचं संरक्षण, ज्यात काम थांबल्यावर ठरावीक काळ उत्पन्न मिळतं. दोन्हीच्या अर्जात लांबच्या बाइक टूर करता हे स्पष्ट लिहा. हप्ता चार पैशांनी वाढला तर वाढू द्या. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते, आणि तेव्हा तोंड द्यायला तुम्ही नसता, पत्नी असते. वगळलेल्या गोष्टींची यादीही ओळ न ओळ वाचा: शर्यत, ट्रॅक डे, रस्ता सोडून चालवणं. तुम्ही घेताय ती बाइक रस्ता सोडूनही चालवता यावी अशीच बनवलेली आहे. प्रवास विम्यात तर काही ठिकाणी इंजिनच्या सीसीवरच मर्यादा असते.

आता त्या दुप्पट होणाऱ्या पॉलिसीकडे. १५ वर्षं १८० भरायचे, एकूण २७००, आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी ५४००. ऐकायला दुप्पट. पण पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ६, सरासरी १३. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की अंदाजे व्याजदर मिळतो. तेरा वर्षांत दुप्पट म्हणजे ७२ भागिले १३, साडेपाच टक्के. नीट हिशोब केला तर त्याहूनही किंचित कमी.

इथे बरेच जण म्हणतील, मोडून टाका. मी लगेच तसं म्हणणार नाही. सहा हप्ते, १०८० भरून झालेत आणि आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर ५४० मिळतील असं तुम्ही लिहिलंय. अर्धे गेले. ते गेले, त्यावर रडून उपयोग नाही. इथून पुढे बघायचं: आजचे ५४० आत ठेवून आणखी नऊ हप्ते भरले आणि १४ वर्षांनी खरोखर ५४०० मिळाले, तर इथून पुढचा परतावा सव्वाआठच्या वर जातो. मग मोडण्यात अर्थ नाही. पण हमी फक्त ४००० ची आणि बाकीचं बोनसच्या भरवशावर असेल, तर तोच परतावा साडेपाच-पावणेसहावर येतो, आणि मग हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं (भरलेल्या हप्त्यांपुरती, कमी रकमेने चालू ठेवणं) किंवा सरेंडर करणं यांतलं एक निवडावं लागेल. विकणाऱ्याने दाखवलेल्या रंगीत तक्त्यावर विसंबू नका. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: हमीची रक्कम, आजची सरेंडर किंमत, आजची पेड-अप किंमत. आणि टर्म विमा हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका.

कर्जाचं झटपट. ८ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ६०० वर व्याज, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. ६०० वर ४० टक्के, २४०. एकूण ८४०, भागिले ६०, हप्ता १४. घटत्या शिलकीवर हाच दर १४ टक्के होतो. विक्रेता ८ म्हणतो, खिशातून १४ जातात. सर्व्हिस, टायर, विमा, पेट्रोल मिळून महिन्याला ९-१० धरा, पॉलिसी-कर्जाचं व्याज साडेतीन. तुमच्या ३० मधले अडीच उरले. त्यात म्हातारपण कुठे बसवायचं?

व्हिडिओंची कमाई शून्य धरा. आली तर टायरला वापरा. जी कमाई अजून एकदाही खात्यात पडलेली नाही तिच्या जिवावर हप्ता ठरवू नये. रिसेलचं म्हणाल तर चांगली रिसेल म्हणजे कमी तोटा, एवढंच. तीन-चार वर्षांत हजाराचे सहाशे झाले तर नशीब समजा. शाफ्टला चेन-स्प्रॉकेटचा खर्च नाही हे बरोबर, पण मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं, फायनल ड्राइव्हचं, ऑइल बदलावं लागतं, दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला सर्व्हिस आहेच, आणि या वजनाच्या आणि ताकदीच्या बाइकचा मागचा टायर आठ-दहा हजार किलोमीटरांत बोलायला लागतो. क्रॅश बार, पॅनिअर, जादा दिवे बसवलेत तर ते बाइकच्या विम्यात वेगळे नोंदवा, नाहीतर पडल्यावर त्यांचं काही मिळत नाही.

आता बाइक. तुमची ओढ मला पूर्ण कळते. पहाटे टाकी भरून, सामान बांधून निघालं की पुढचे दहा-बारा तास डोक्यात दुसरं काही येत नाही. ते सुख मी तुम्हाला सोडायला सांगणार नाही. पण १३०० च का? बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणली तेव्हा तिचं इंजिन ८०० सीसीचं होतं, आणि १९८१ ची पॅरिस-डाकार ही वाळवंटातली खडतर शर्यत तिने जिंकली. आजची १३०० जीएस पेट्रोल भरून, सामानाशिवायच २३७ किलोची आहे, ताकद १४५ हॉर्सपॉवर, सीट ८५० मिलिमीटरवर. तुम्ही उंची पाच फूट पाच इंच लिहिली आहे. सरळ रस्त्यावर ती जड वाटतच नाही. उतारावर थांबून मागे सरकवायची वेळ आली की कळतं. आणि ३५० वरून थेट तिथे उडी मारण्यापेक्षा मधली ७०० ते ९०० ची पायरी शहाणपणाची आहे.

माझा हिशोब असा. ठेवीतले ३३०, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, कायमचे बाजूला. हाताशी २७०. महिन्याच्या ३० पैकी टर्म आणि अपघात विम्याला ४, निवृत्तीला १०, उरलेले १६ बाइकच्या खात्यात. दीड वर्षात २८८. एकूण साडेपाचशेच्या वर. त्यात मधल्या वर्गातली तीन-चार वर्षं वापरलेली चांगली बाइक कर्जाशिवाय येते, आणि हेल्मेट, बूट, कमी वेगात बाइक हाताळायच्या प्रशिक्षणाचे पैसेही निघतात. घेताना सर्व्हिसची नोंदवही बघा, हँडल दोन्ही बाजूंना फिरवून त्याचं बेअरिंग अडकतंय का बघा, इंजिनखालच्या पत्र्यावरचे ओरखडे मोजा. शक्य असेल तर पॅनिअर भरून आणि मागे कुणाला तरी बसवून चालवून बघा. रिकामी बाइक सगळ्यांनाच आवडते.

टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात करा. पत्नीला शेजारी बसवून करा, कारण तो कागद कुठे ठेवलाय हे तिला माहीत असायला हवं. कंपनीचे तीन आकडे आले की मला पाठवा, पॉलिसीचं काय करायचं ते तेव्हा ठरवू.