पुण्याला निघताना हवा किती?

टायरवर ५१ पीएसआय, म्हणजे आपल्या बोलीतले पौंड, लिहिलंय, पंपावरचा मुलगा ३५ भरतो, शोरूमवाले ३३ सांगतात. आणि दिवाळीत आई-बाबा, दोन मुलं नि फराळाचे डबे घेऊन इंदूरहून पुण्याला जायचंय, तर हवा नक्की किती ठेवू, असा तुमचा प्रश्न.

त्या ५१ ला आधी विसरा. टायरवाल्या कंपनीने दिलेली ती कमाल मर्यादा. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतो, तुमची गाडी किती जड आहे हे त्याला काय ठाऊक? तुमचा आकडा गाडीवर छापलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा. ते जिथे जाऊन बंद होतं त्या खांबावर, खालच्या बाजूला एक स्टिकर दिसेल. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर बहुधा दोन चित्रं असतात, एकात दोन-तीन माणसं आणि दुसऱ्यात भरलेली गाडी, बॅगांसकट. दुसऱ्या चित्रासमोरचा आकडा, खास करून मागच्या चाकांचा, जास्त असतो. इंदुरातल्या इंदुरात सुदामा नगर ते राजवाडा करायचं असेल तर पहिलं चित्र, पुण्याला जाताना दुसरं. आकडा पौंडांऐवजी केपीए (किलोपास्कल) या मापातच दिला असेल तर ६.९ ने भागा, २३० म्हणजे ३३ पौंड. बार या मापात असेल तर साडेचौदाने गुणा.

आता मी कसा फसलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सहकुटुंब नाशिकला निघालो होतो. सकाळी घरून निघताना चारही चाकं बरोब्बर ३३. भर दुपारी सेंधव्याजवळ चहाला थांबलो, शेजारी पंक्चरचं दुकान. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं जरा हवा बघ रे. त्याने गेज लावला आणि डोळे मोठे केले, ‘बाबूजी, अड़तीस है! गर्मी में फट जाएगा.’ मी काही बोलायच्या आत फुस्स-फुस्स करत चारही चाकं ३३ वर आणली. वर मी त्याला दहा रुपये दिले! बिजासनचा घाट उतरताना वळणावर गाडी जराशी डुलतेय असं वाटलं, पण सामानाच्या माथी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला मेहुण्याच्या गेजने मोजलं तर २८.

कारण स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. हायवेवर टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब चार-पाच पौंडांनी चढतो. गाडी बनवणाऱ्याने हे धरूनच आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरातून हवा सोडली की तो थंड झाल्यावर कमीच भरणार.

उन्हाळ्यात जास्त हवेने टायर फुटतो, म्हणून दोन पौंड कमीच ठेवा, असं आपल्याकडे अगदी शहाणी माणसंही सांगतात. होतं नेमकं उलटं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो, उलगडतो, परत दबतो. लोखंडी तार वाकवून-वाकवून पाहा, वाकते तिथे गरम लागते, टायराचंही तसंच. भरलेली गाडी, शंभरचा वेग, खाली तापलेलं डांबर, आणि वर ही उष्णता. आतले धागे सुटायला लागतात आणि मग तो फुटतो.

पंपावरच्या पस्तीसवाल्या भियाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ३३ च्या जागी ३५ ने आभाळ कोसळत नाही. पण चाळीसच्या घरात गेलात तर टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, आणि प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोचतो, आईंच्या कमरेपर्यंत तर नक्कीच.

स्वतःचा गेज घ्या. पाचशेच्या आत चांगला मिळतो आणि त्याच्यासारखी खरेदी नाही; आमच्या भागातल्या दोन पंपांच्या मशीनमध्ये तीन पौंडांचा फरक निघाला होता. मी महिन्यातून एकदा, रविवारी पोहे आणायला निघण्याआधी मोजतो. वॉल्ववर गेज सरळ दाबायचा, तिरका धरला तर हवा सुटते आणि आकडा खोटा येतो. समजा घरी थंड टायर २९ निघाला आणि हवाय ३३, तर चार कमी. पंप लांब असेल तर तिथे पोचेपर्यंत मशीन ३१ दाखवेल. दाखवू दे. तुम्ही त्यात चार घाला, ३५ करा आणि घरी या. गणित थंड टायरचंच राहतं.

दिवाळीत भरलेली हवा संक्रांतीपर्यंत पुरेल असंही समजू नका. चांगला टायरसुद्धा महिन्याला पौंडभर हवा सोडतो, आणि पारा पाच-सहा अंश उतरला की आणखी एक पौंड जातो. जानेवारीतल्या इंदूरच्या सकाळी हे हमखास दिसतं. एकच चाक सारखं उतरत असेल तर वॉल्वच्या तोंडावर थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की चोर सापडला.

टायरात नायट्रोजन भरून घेण्यावर पैसे घालवू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. आधी भरलेला असेल तर वरून साधी हवा घातल्याने काही बिघडत नाही.

स्टेपनी मोजा. पूर्ण मापाची असेल तर स्टिकरवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवा, म्हणजे मागे-पुढे कुठेही चालते. बारीक, तात्पुरती असेल तर तिला बहुधा ६० पौंड लागतात आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जायचं नसतं. दोन्ही आकडे तिच्यावरच लिहिलेले असतात, एकदा वाचून घ्या.

निघायच्या आदल्या सकाळी भरलेल्या गाडीचा आकडा भरा. वाटेत कुणी कितीही घाबरवलं तरी सोडू नका. आणि पुण्यात चार दिवस रिकामी फिरणार म्हणून हवा कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. परत येताना फराळाच्या डब्यांच्या जागी बाकरवड्या येणारच आहेत.