गतिज ऊर्जा, पण गतिक घर्षण?

एका पालकांनी विचारलं आहे: अकरावीतल्या मुलीच्या वहीत एका पानावर 'गतिज ऊर्जा' आणि दुसऱ्यावर 'गतिक घर्षण' आहे. इंग्रजीत दोन्हीकडे 'कायनेटिक'च, मग मराठीत हा भेद कशाला? 'स्टॅटिक'साठी 'स्थितिक' बरोबर की 'स्थैतिक'? आणि 'लोटनिक घर्षण' हे काय प्रकरण आहे?

शेवटचा 'ज' म्हणजे जन्मलेला: जलज, अंडज. गतिज ऊर्जा गतीपोटी येते, वस्तू थांबली की ती उरत नाही. घर्षण मात्र गतीला आडवं येणारं. त्याला गतीचं अपत्य कसं म्हणणार? म्हणून तिथे नुसता नातं सांगणारा 'क'. कुणी 'गतिज घर्षण' लिहिलं तर मी गुण कापणार नाही, पण 'गतिक' जास्त नेमका आहे.

खरी मेख 'स्थिती'त आहे. स्थितिज ऊर्जेतली स्थिती म्हणजे जागा किंवा मांडणी: माळ्यावर चढवलेला पाटा, ताणलेली गलोल. स्थितिक घर्षणातली स्थिती मात्र 'स्था' धातूच्या मूळ अर्थाची, म्हणजे थांबलेपणाची. स्थितिक विद्युतमध्येही हाच अर्थ आहे. एकच शब्द, दोन अर्थ आणि तेही एकाच विषयात. मुलांचा गोंधळ उडाला तर नवल नाही.

बरं, थांबलेलं कोण? मुलं म्हणतात, वस्तू. तिथेच चुकतं. एकमेकांना टेकलेले दोन पृष्ठभाग परस्परांवर सरकत नसले की घर्षण स्थितिक. आपण चालतो तेव्हा शरीर पुढे जात असतं, पण टेकलेला तळवा जमिनीवर घसरत नसतो, त्यामुळे चालणं स्थितिक घर्षणाच्या जोरावर. शेवाळावर पाय सटकला की ते गतिक. न घसरता फिरणाऱ्या चाकाचंही तसंच, टेकलेला बिंदू त्या क्षणी रस्त्यावर स्थिरच असतो. जोरात ब्रेक दाबून चाक जाम झालं की रबर फरफटतं आणि पकड घटते. गाड्यांतल्या एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेची सगळी धडपड चाक तसं जाम होऊ न देण्याची. घरातलं कपाट आठवा. ते हलेपर्यंत आपण जेवढा जोर लावू तेवढंच घर्षण उलट लागतं, एका मर्यादेपर्यंत. ती ओलांडून कपाट सरकू लागलं की काम जरा हलकं होतं, कारण गतिक घर्षण सहसा त्या मर्यादेपेक्षा कमी असतं.

'स्थैतिक' व्याकरणात बसतो, नीतीचं नैतिक होतं तसाच. हिंदीत तोच रूढ आहे. पण हाच न्याय गतीला लावला तर 'गातिक' म्हणावं लागेल! मराठीत रसिक, धनिक, क्षणिक हे शब्द पहिला स्वर न ताणता सुखाने नांदतात. तेव्हा स्थितिक-गतिक ही जोडीच बरी. एकटी 'स्थिती' दीर्घ, पण या शब्दांत 'ति' ऱ्हस्व, हे सांभाळावं.

जाता जाता: घर्षण 'घृष्' धातूपासून. घासणे त्याच घरातलं, संघर्षही. भाजीवालीशी घासाघीस करताना कसलाच पृष्ठभाग झिजत नाही, तरी शब्द चपखल. पाण्याहवेतलं घर्षण वेगळंच. द्रव आणि वायू जोडून केलेला 'द्रायू' हा मराठी शब्द मला फार आवडतो, पण तो विषय पुन्हा कधी.

राहिलं 'लोटनिक'. हे हिंदी पुस्तकातून आलेलं. तिथे लोटना म्हणजे लोळणं, गडगडणं. आपल्याकडे दार लोटतात, म्हणजे ढकलतात, त्यामुळे मराठी कानाला ते 'ढकलण्याचं घर्षण' वाटतं. अर्थ मात्र चाक किंवा गोळा गडगडत जाताना होणारा विरोध. तो फारच थोडा असतो: सपाट रुळांवर पोलादी चाकांवरचा १ टन भार चालता ठेवायला साधारण १ ते २ किलो वजनाएवढा जोर पुरतो. मी 'लोटण घर्षण' म्हणेन. 'लोळण' म्हटलं तर वर्गात हशा पिकेल, आणि लोटण्याचा हा जुना अर्थ मराठीतून पुरता गेलेलाही नाही. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा लोटांगणाची जत्रा म्हणूनच ओळखली जाते. नवस फेडणारे पुरुष तिथे जमिनीवर आडवे होऊन, गडगडत देवळाला प्रदक्षिणा घालतात.