जोत्याखालच्या पोकळीत ओल आणि बुरशी धरते, वॉटरप्रूफिंग करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरकडं उताराच्या जागेवर घर आहे, मागच्या खोलीखाली कमरेइतकी पोकळी आहे, जुलै लागला की तिथनं कुबट वास वर येतो, तुळयांवर पांढरी बुरशी धरते आणि गवंडी म्हणतोय आतनं वॉटरप्रूफिंग मारूया. माझं ऐका, आत्ता त्यात पैसे घालू नका. आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा.

आमचं घर जांबोटी रस्त्याला, असंच उतारावर. आम्ही आतल्या भिंतीला भारीतला वॉटरप्रूफ रंग मारून घेतला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला फुगे आले, एक फुगा नखानं फोडला तर पाणी पार मनगटापर्यंत ओघळलं. भिंत जांभ्याची, जांभा पाणी पितो, बाहेरनं पाणी येतच राहिलं तर आतला रंग काय अडवणार? मग एका मुसळधार पावसात छत्री घेऊन परड्यात उभा राहिलो तेव्हा कळलं, पन्हळच नव्हती त्यामुळं कौलांच्या सगळ्या पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडत होत्या, तिथं चांगला वीतभर चर पडलेला आणि ते पाणी सरळ जोत्याखाली जात होतं. पन्हळ बसवली, तिचं पाणी पाइपानं दहा फूट लांब सोडलं, भिंतीलगत माती भरून १० फुटाला ६ इंच तरी उतार काढला, डोंगराच्या अंगानं येणारं पाणी वळवायला वरच्या बाजूला चर मारला. निम्मी ओल तिथंच गेली. न्हाणीचा पाइप पण बघा, बारीक गळती वर्षभर चालते आणि नाव पावसाचं होतं.

दुसरं म्हणजे आतली जमीन. तिथं दोन फुटाचा प्लास्टिकचा कागद पसरा, कडा मातीनं दाबा आणि दोन दिवसांनी उचला. खालनं थेंब धरले असतील तर ओल जमिनीतनं येतीय, वरनं ओला झाला असेल तर हवेतनं. जमिनीतनं असेल तर पूर्ण जागेत जाड कागद टाका, २५० मायक्रॉनचा घ्या, पातळ घेऊ नका फाटतो, जोडावर फूटभर एकावर एक आला पाहिजे आणि टेपनं चिकटवा. पण साचलेलं पाणी असेल तर आधी ते काढा, पाण्यावर कागद टाकून उपयोग नाही.

आता झरोक्यांचं. सगळे सांगतात हवा खेळू दे, आणि थंडीत ते बरोबरच आहे. पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच चिंब असते, ती आत येऊन थंडगार दगडावर लागली की तिथं पाणी सुटतं, फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर सुटतं तसंच. म्हणून बाहेरचं पाणी वळवून आणि कागद टाकून झाला की पावसाळ्यात आम्ही झरोके बंद ठेवतो आणि दिवाळीच्या सुमारास कोरडं वारं सुटलं की सताड उघडतो. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, आकडा ६० च्या खाली राहिला तर बुरशीला फारसा वाव राहत नाही.

बुरशी काढायची ती शेवटी, कारण ओल आहे तोवर ती परत येणारच. एन ९५ मास्क, हातमोजे घाला, साबणाच्या पाण्यानं ब्रशनं घासा, पुसा आणि कडक वाळू द्या. कोरडी झाडू नका, सगळी उडून नाकात आणि वरच्या खोलीत जाते. ब्लीच लाकडाच्या आत शिरत नाही, आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड तर चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडं पाठवा.

आणि हो, तुळई भिंतीत जिथं शिरते तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आमची एक तुळई वरनं ठणठणीत दिसत होती, टोचल्यावर अर्धा इंच लोण्यात गेल्यासारखा आत गेला. तुमच्याकडं तसं झालं तर बाकी सगळं राहू दे, आधी सुताराला बोलवून खाली टेकू लावून घ्या, आणि तोवर त्या खोलीत तांदळाची पोती ठेवू नका.